कोत दाझ्यूरवर पाच रात्री: मुक्काम एकाच गावी करावा आणि गाडी घेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक दांपत्य सत्तरीच्या आईंना घेऊन फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे फ्रेंच रिव्हिएरा किंवा कोत दाझ्यूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात, पाच रात्रींसाठी जाऊ इच्छिते. तिघेही शाकाहारी आहेत. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाण्याचा विचार आहे, पण तारखा पुढेमागे करता येतील. नीसला उतरून गाडी भाड्याने घ्यायची आणि नीस, मोनॅको, कान्स, सेंट ट्रोपे असा रोज मुक्काम हलवत जायचे, असा त्यांचा बेत आहे. तो कितपत योग्य आहे, असे त्यांनी विचारले आहे. मराठी कुटुंबांच्या युरोप सहली आखण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे आणि त्या अनुभवावरूनच हे लिहीत आहे.

हा बेत बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाचही रात्री नीसमध्येच राहावे, गाडी घेऊ नये, सेंट ट्रोपे पूर्णपणे वगळावे आणि रोज सकाळी लोकल रेल्वेने एका दिशेला जाऊन संध्याकाळी परत यावे. पाच रात्रींचा मुक्काम म्हणजे हाती पूर्ण दिवस चारच. त्यांतून रोज बॅगा भरणे, खोली सोडणे, नव्या ठिकाणी दुपारी तीनपर्यंत खोली मिळण्याची वाट पाहणे हे सगळे वजा केले, तर किनारा पाहायला जेमतेम दीड दिवस उरतो. या पट्ट्यातील गावे एकमेकांना इतकी लागून आहेत की मुक्काम हलवण्याचे कारणच नाही. नीसपासून इटलीच्या हद्दीला टेकलेले माँतों हे गाव सुमारे तीस किलोमीटरवर आहे, आणि त्या तीस किलोमीटरमध्ये व्हिलफ्रांश, बोल्यू, एझ आणि मोनॅको ही सारी नावाजलेली ठिकाणे येतात.

आधी तारखांचा विचार करावा लागेल, कारण निवडलेला पंधरवडा सर्वांत महाग आणि सर्वांत गैरसोयीचा आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुमारे बारा दिवस कान्सचा चित्रपट महोत्सव चालतो आणि त्या काळात कान्समध्येच नव्हे, तर नीस आणि आँतीबपर्यंत हॉटेलांचे दर चढलेले असतात. त्याला जोडूनच मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत येते. ही शर्यत पूर्वी मेच्या अखेरीस होत असे, २०२६पासून ती जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली आहे. शर्यत शहराच्या नेहमीच्या रस्त्यांवरूनच धावत असल्यामुळे तिची प्रेक्षागारे आणि लोखंडी कठडे कित्येक आठवडे आधीपासून उभारायला घेतात. ज्या बंदराच्या दृश्यासाठी माणसे मोनॅकोला जातात, ते बंदर त्या दिवसांत अनेक ठिकाणी जाळ्या आणि फळ्यांच्या मागे झाकलेले असते.

माझी पहिली पसंती सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा या काळाला आहे. मे महिन्यात समुद्राचे पाणी सतरा-अठरा अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याला गारठवणारे असते, तर सप्टेंबरमध्ये उन्हाळाभर तापलेले पाणी बावीस-तेवीस अंशांवर असते. जुलै-ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते आणि हवा चालण्याजोगी असते. बहुतेक वर्षी गणपती उठल्यावर निघणेही जमते. सप्टेंबरच्या अखेरीस मोनॅकोत आलिशान बोटींचे मोठे प्रदर्शन भरते, तेवढे दिवस टाळावेत. ऑक्टोबर पुढे सरकतो तसा जोराच्या पावसाचा धोका वाढतो, म्हणून फार उशीरही करू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीतच जाणे भाग असेल, तर एप्रिलचा शेवटचा आठवडा बरा. मात्र १ मे या दिवशी तिथे संग्रहालये आणि बहुतेक दुकाने बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे फ्रान्ससह युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कायद्याने पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो, पण त्या शेवटच्या मर्यादेवर विसंबून राहू नये. उन्हाळ्याच्या हंगामात मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर अर्ज देण्याची वेळ मिळणेच अवघड होते, म्हणून तीन महिने आधी कागदपत्रे तयार असावीत. प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे आणि केंद्राचा सेवा आकार वेगळा. वैद्यकीय खर्चाचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असलेला प्रवास विमा बंधनकारक आहे. आईंसाठी विमा घेताना आधीपासून असलेला रक्तदाब किंवा मधुमेह त्यात धरला आहे की नाही, हे पॉलिसी वाचून पाहावे. नुसत्या रकमेकडे पाहू नये. या सहलीला इटली किंवा स्वित्झर्लंड जोडणार असाल, तर ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो.

मुंबईहून नीसला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे गेल्यास युरोपातील प्रवेशाची तपासणी नीसलाच होते, आणि पॅरिस, फ्रँकफर्ट किंवा झुरिकमार्गे गेल्यास ती त्या मोठ्या विमानतळावर होते. ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबण्याची शक्यता धरून चालावे. आई बरोबर असताना मी पहिला पर्याय सुचवेन. दुसराच घ्यायचा झाला, तर दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवावेत. चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. आई चांगल्या चालणाऱ्या असल्या तरी नोंदवावी, कारण विमानतळावरची अंतरे आणि उभे राहणे यांनीच पहिला दिवस वाया जातो.

सामानाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आपल्या घरांतून ती हमखास सुटते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी हे सगळे बाद. ताजी फळे आणि पानेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर अशी मोजकी फळे त्याला अपवाद आहेत आणि त्यांत आंबा नाही. तिथल्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी न्यावी असे मे महिन्यात वाटणे स्वाभाविक आहे, पण ती नेऊ नये. मेतकूट, भाजणी, चटण्या, तेलात केलेला चिवडा यांना अडचण नाही.

नीसमध्ये राहण्यासाठी झाँ मेदसँ या मुख्य रस्त्याचा समुद्राकडचा भाग मला सर्वांत सोयीचा वाटतो. तिथून एका बाजूला रेल्वे स्टेशन आणि दुसऱ्या बाजूला जुने शहर, दोन्ही चालत किंवा ट्रॅमने सहज गाठता येतात, आणि विमानतळावरून ट्रॅमची दोन क्रमांकाची मार्गिका थेट या भागात येते. जुन्या शहराच्या गल्ल्यांतील भाड्याच्या खोल्या छायाचित्रांत फार गोड दिसतात, पण त्या शतकानुशतकांच्या इमारतींत बहुधा लिफ्ट नसते आणि जिने अरुंद, उभे असतात. खोली निश्चित करताना लिफ्ट आहे का, आणि असल्यास ती तळमजल्यापासून आहे की आधी काही पायऱ्या चढाव्या लागतात, हे लेखी विचारून घ्यावे. छोटे स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट मिळाले, तर शाकाहारी कुटुंबाला ते हॉटेलपेक्षा कधीही सोयीचे.

गाडीला माझा विरोध खर्चापुरता नाही. किनाऱ्याला समांतर, डोंगराच्या तीन उंचींवरून जाणारे तीन रस्ते आहेत आणि त्यांना कॉर्निश म्हणतात. ते देखणे खरेच, पण अरुंद आणि वळणावळणाचे आहेत. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची सवय नसलेल्या माणसाची नजर दृश्यावर जात नाही, ती पुढच्या वळणावरच खिळून राहते. गावात पोहोचल्यावर पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो आणि पैसेही बरेच पडतात. याउलट रेल्वे अगदी पाण्याच्या कडेने जाते. नीसहून व्हिलफ्रांश सात-आठ मिनिटांवर, मोनॅको वीस-पंचवीस मिनिटांवर आणि माँतों पाऊण तासाच्या आत. तिकीट काही युरोंचे असते आणि गाड्या दिवसभर असतात. नीसहून पूर्वेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी. बोगदा संपतो, क्षणभर निळेशार आखात दिसते, पुन्हा बोगदा येतो, असे माँतोंपर्यंत चालू राहते. सकाळच्या गाड्यांना गर्दी असते आणि खिसेकापूही असतात, त्यामुळे पारपत्रे आतल्या खिशात ठेवावीत. मात्र ती जवळ असावीतच, कारण इटलीच्या सीमेलगत पोलीस तपासणी करतात.

पहिला पूर्ण दिवस व्हिलफ्रांश आणि त्याच्या शेजारचे काप फेरा हे भूशिर यांना द्यावा, आणि या दिवशी घाई अजिबात करू नये, कारण या किनाऱ्याला ज्यासाठी नाव मिळाले ते सगळे इथे एकवटलेले आहे. व्हिलफ्रांशच्या स्टेशनावर उतरलो की खालीच पुळण आहे. गावात रू ऑब्स्क्यूर नावाची तेराव्या शतकातील छप्परबंद गल्ली आहे, जिथे भर दुपारीही दिवे लागतात. तिथून पुढच्या बोल्यू स्टेशनावर उतरून समुद्राच्या कडेने काप फेरावरच्या साँ-झाँ या गावापर्यंत एक सपाट पायवाट जाते. साधारण अर्ध्या तासाचे चालणे आहे, चढ जवळजवळ नाही आणि बसायला बाके आहेत. आईंना ही वाट निश्चित झेपेल. एका बाजूला धनाढ्यांच्या बागांच्या भिंती आणि दुसऱ्या बाजूला पायाशी पाणी, असे हे चालणे आहे. फ्रान्समध्ये समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि १९७६च्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या खासगी जमिनींवरूनही पादचाऱ्यांना तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून वाट देण्याची तरतूद केली आहे. या पट्ट्याचे वैभव पाहायला खिसा रिकामा करावा लागत नाही, असे मी आलेल्या प्रत्येकाला सांगतो, ते याच आधारावर.

काप फेरा या भूशिराच्या माथ्यावर बेआत्रिस एफ्रुसी द रॉथशिल्ड या बाईंनी १९०५ ते १९१२ या काळात बांधलेला गुलाबी वाडा आहे. १९३४मध्ये त्यांच्या निधनानंतर मृत्युपत्रानुसार तो फ्रान्सच्या विद्वत्संस्थेकडे गेला आणि आज तो सर्वांना पाहता येतो. आतल्या चिनी मातीच्या संग्रहापेक्षा मला तिथल्या नऊ बागा अधिक मोलाच्या वाटतात. बागेच्या मध्यभागी उभे राहिले की एका हाताला व्हिलफ्रांशचे आखात आणि दुसऱ्या हाताला बोल्यूचे, असे दोन्ही बाजूंना एकदम पाणी दिसते. कारंजी संगीताबरोबर ठरावीक अंतराने नाचतात. तेवढा वेळ सावलीत बसून काढावा. पैसे देऊन एकच जागा पाहायची असेल, तर ही पाहावी.

दुसऱ्या दिवशी मोनॅको आणि माँतों एकत्र करावे. मोनॅकोचे क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर आहे, पण ते सगळे उभे आहे, आणि म्हणूनच तिथे ठिकठिकाणी सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, तेही विनामूल्य. रेल्वे स्टेशन डोंगराच्या पोटात आहे आणि त्याला वेगवेगळ्या पातळ्यांवर बाहेर पडण्याच्या वाटा आहेत. चुकीच्या वाटेने बाहेर पडल्यास आईंना विनाकारण चढउतार होईल, म्हणून राजवाड्याकडची पाटी पाहूनच निघावे. राजवाड्यासमोर पहारेकऱ्यांची बदली रोज सकाळी ११ वाजून ५५ मिनिटांनी होते, तेव्हा साडेअकरापर्यंत पोहोचावे. तिथून चालत काही मिनिटांवर १९१०मध्ये उघडलेले समुद्रविज्ञान संग्रहालय आहे आणि ते मोनॅकोतील खरोखर वेळ देण्याजोगे ठिकाण आहे. कॅसिनोची इमारत बाहेरून आणि प्रवेशदालनातून पाहिली तरी पुरे. एक बारीक गोष्ट: मोनॅको युरोपीय संघात नाही, त्यामुळे युरोपसाठी घेतलेल्या काही मोबाइल डेटा पॅकमध्ये ते धरलेले नसते. स्टेशनावर उतरण्याआधी रोमिंग बंद करावे.

दुपारी दोनच्या सुमारास पुढची गाडी पकडून दहा-बारा मिनिटांत माँतोंला जावे. हे गाव लिंबांसाठी प्रसिद्ध आहे. फेब्रुवारीत तिथे लिंबांचा उत्सव भरतो आणि इथल्या लिंबाला २०१५मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पिवळ्या-केशरी घरांची उतरंड, तिच्या टोकाला चर्चचा मनोरा आणि खाली शांत पाणी, एवढेच तिथे आहे आणि तेवढ्यासाठीच तिथे जायचे. मोनॅकोच्या गजबजाटानंतर ज्येष्ठांना हे गाव फार मानवते, असा माझा अनुभव आहे.

पश्चिमेकडचा दिवस मी कान्सपेक्षा आँतीबला देईन. कान्समध्ये महोत्सवाच्या सभागृहाच्या पायऱ्या आणि समुद्रालगतचा उंची दुकानांचा रस्ता यांपलीकडे पाहण्यासारखे थोडे आहे. तिथे जायचेच झाले, तर बंदरातून पंधरा मिनिटांच्या बोटीने सेंत मार्गरीत बेटावर जावे. तिथल्या किल्ल्यात सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘मॅन इन द आयर्न मास्क’ या नावाने कथा-चित्रपटांत गाजलेला मुखवटेधारी कैदी ठेवला होता, आणि पाइनच्या झाडीतून चालायला छान वाटा आहेत. आँतीबला मात्र तटबंदीच्या आतले जुने गाव आहे, सकाळचा छताखालचा बाजार आहे, आणि समुद्राला लागून असलेल्या ज्या किल्ल्यात पिकासोने १९४६मध्ये काम केले, त्यातच त्याचे संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असते, तर नीसमधील शागाल आणि मातिस या चित्रकारांची संग्रहालये मंगळवारी बंद असतात. आपले वार या हिशेबाने लावून घ्यावेत.

चौथा दिवस नीससाठी आणि विश्रांतीसाठी ठेवावा. सकाळी कूर सालेया हा फुलांचा आणि भाज्यांचा बाजार पाहावा (सोमवारी तिथे जुन्या वस्तू असतात), आणि जुन्या किल्ल्याच्या टेकडीवर लिफ्टने जावे. एझ हे डोंगरमाथ्यावरचे दगडी गाव अनेकांच्या यादीत असते, पण तिथे सगळ्या वाटा दगडी आणि चढाच्या आहेत. आईंना बाजारात किंवा खोलीवर थांबायचे असेल, तर आपण दोघांनी बसने सकाळी लवकर जाऊन यावे. समुद्राकाठच्या एझ स्टेशनावरून वर चढणारी पायवाट तरुणांनाही घाम फोडते.

पोहण्याबाबत सावध करणे माझे कर्तव्य आहे. दिवेआगर किंवा मुरुडला आपण गुडघाभर पाण्यात कितीतरी आत चालत जातो. नीसची पुळण तशी नाही. ती गोट्यांची आहे आणि पाण्यात काही पावले टाकताच तळ एकदम खाली जातो, शिवाय परत येताना पायाखालचे गोटे सरकतात. पोहता येत नसेल तर लाट असताना पाण्यात उतरू नये. रबरी तळव्याचे बूट इथूनच न्यावेत. आईंना पाय भिजवायचे असतील, तर व्हिलफ्रांशचे आडोशाचे आखात अधिक सुरक्षित आहे.

जेवणाची चिंता वाटते तेवढी नाही, पण नुसते ‘शाकाहारी आहोत’ सांगून भागत नाही, कारण मासे चालतात असे गृहीत धरले जाण्याची शक्यता असते. ‘सां व्यांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासेही नकोत, असे दोन्ही स्पष्ट सांगावे. कांद्याच्या पिसालादिएर या पोळीवजा पदार्थावर आणि नीसच्या प्रसिद्ध सॅलडमध्ये छोटे खारे मासे असतात. सोक्का मात्र निर्धास्त खावा. हरभऱ्याचे पीठ, पाणी आणि ऑलिव्ह तेल यांचे पातळ मिश्रण हातभर रुंद तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा करपू देतात, आणि उलथन्याने खरवडून कागदावर तुकडे देतात, वर भरपूर मिरपूड. चवीला ते आपल्या बेसनाच्या धिरड्याच्या जवळचे, पण आतून मऊ आणि धुरकट. ते गरम असतानाच खावे, निवले की त्यात राम नाही. याच पिठाच्या तळलेल्या कापांना पानीस म्हणतात, तेही चालतील. हॉटेलांत दुपारचे जेवण बारा ते दोन या वेळेतच मिळते आणि रात्रीचे सातनंतर. मधल्या वेळेत मोठ्या माणसांची उपासमार होते, म्हणून पिशवीत खाऊ असावा. पाणी मागताना ‘काराफ दो’ म्हणावे. नळाचे पाणी विनामूल्य द्यावे लागते आणि ते पिण्यायोग्य असते.

सेंट ट्रोपे का वगळले, ते सांगायचे राहिले. तिथे रेल्वे जात नाही. नीसहून अंतर शंभर किलोमीटरपेक्षा जास्त आहे आणि शेवटच्या एकाच रस्त्यावर हंगामात वाहनांची रांग लागते. जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो आणि बंदरातील बोटी पाहून परतावे लागते. तशा बोटी आँतीबच्या बंदरातही दिसतात, त्याही तटबंदीच्या सावलीत बसून.

रेल्वेचा संप हा फ्रान्समध्ये अनपेक्षित प्रकार नाही. संपाच्या दिवशी कोणत्या गाड्या धावणार, हे आदल्या संध्याकाळी जाहीर होते, म्हणून रोज रात्री झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक पाहून घ्यावे. गाड्या कमी असतील, तर त्या दिवशी नीसचा मोकळा दिवस पुढे आणावा किंवा किनाऱ्याने मोनॅको-माँतोंकडे जाणारी बस धरावी. याच कारणासाठी माँतोंचा बेत शेवटच्या दिवसावर ठेवू नये, आणि परतीच्या दिवशी विमानतळासाठी रेल्वेऐवजी ट्रॅमवर भिस्त ठेवावी.